तबकडीत न मावलेली ओळ

पुण्याहून सांगलीला येताना साताऱ्याच्या अलीकडचं खंडाळा मागं पडून घाट ओलांडला, की माझ्या नातवाला हटकून भूक लागते. या खेपेला तो ज्या हॉटेलात थांबला तिथं हिरवळीवर एक जातं मांडून ठेवलं होतं. त्याच्यावर पांढऱ्या रंगानं नाचणारी माणसं काढलेली, खुंट्याला प्लास्टिकच्या झेंडूची माळ, आणि शेजारी पाटी, 'कृपया येथे बसू नये'. मला हसूच आलं. बसायचं नाही तर माणसानं जात्यापाशी करायचं तरी काय? मी चपला काढल्या, एक पाय लांब केला, एक दुमडला आणि बसले. वेटर पोरगा "आजी, आजी" करत धावत आला. नातवानं त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, बहुधा माझं वय सांगितलं असावं.

मी खुंटा धरून ओढून बघितला. हलेना. वरची तळी खालच्या तळीला सिमेंटनं चिकटवून टाकली होती. जात्याच्या तोंडात हात घातला तर बिस्किटाचा कागद निघाला. तरी मी नाक जवळ नेलं. पिठाचा वास यायचा प्रश्नच नव्हता, ओल्या सिमेंटचा आला, आणि मला भर हॉटेलात रडू फुटलं. नातू घाबरला. पाणी आण, पंखा लाव, असं सुरू झालं. त्याला कुठून आणि कसं सांगायचं, म्हणून मी मिसळ तिखट आहे असं सांगून मोकळी झाले. मिसळ अजून यायची होती.

आमचं गाव विट्याच्या अलीकडं, माळाला लागून. घरात शिरलं की सोपा, आणि सोप्याच्या डाव्या कोपऱ्यात जातं. पहाटे त्याच्या एका बाजूला थोरलीआई बसायची आणि दुसऱ्या बाजूला माझी आई. थोरलीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. उंच, हाडापेरानं मोठी, आणि गळा असा, की विहिरीवरनं हाक मारली तर मळ्यातला बैल मान वर करायचा. माझी आई तिची धाकटी जाऊ, तिला 'आक्का' म्हणायची. आई बुटकी, आवाजही बुटका. दोघींचे हात एका खुंट्यावर असायचे आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत असायची. जात्याच्या पाळूतनं, म्हणजे कडेतनं, गरम पीठ उडायचं, माझ्या पापण्यांवर बसायचं. नव्या जोंधळ्याच्या पिठाला जो ऊन वास असतो, तो मला अजून झोपेच्या आधी कधीकधी येतो.

ओवीची आमच्याकडं एक रीत होती. थोरलीआई पहिली ओळ म्हणायची. आई तीच ओळ झेलायची, म्हणजे तिच्यामागं पुन्हा म्हणायची. तेवढ्यात थोरलीआई नवा घास जात्यात टाकायची, दम घ्यायची, आणि मग दुसरी ओळ सांगायची. पहिल्या ओळीत बहुतेक करून कौतुक असायचं, भावाचं, लेकाचं, बैलजोडीचं. बाईच्या मनातली खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत यायची. हे काही कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सासुरवाशिणीनं पहिल्याच ओळीत दुखणं सांगितलं तर सोप्यात झोपलेला सासरा जागा व्हायचा, म्हणून तशी वहिवाट पडली असेल.

लढाई आमच्या गावात पहिल्यांदा आली ती चावडीच्या भिंतीवर. मोठे मोठे रंगीत कागद चिकटवले गेले. त्यात लाल गालांचा, पीळदार मिशांचा एक शिपाई आमच्याकडं बोट करून हसत असायचा. आमच्या गावचे इतके लोक पलटणीत होते, पण असे लाल गाल कुणाचेच नव्हते. मग कुणीतरी इंग्रजी व्हीची खूण घराघरावर काढायला सांगितली. सांगणाऱ्याच्या मनात जय होता, पण त्या वर्षी गावात देवीची साथ होती, त्यामुळं बायकांनी तो उतारा समजून शेणानं दारावर काढला, वर हळदकुंकू वाहिलं. तपासणीला आलेले मामलेदार खूश होऊन गेले म्हणे. रॉकेल मिळेनासं झालं. सुया मिळेनाशा झाल्या. एका सुईवर चार घरं शिवायची. खुद्द आमच्या घरातनं थोरलीआईचा थोरला लेक, मारुतीदादा, पलटणीत होता. लढाई लागायच्या आधीच भरती झालेला. तो मिसर देशात आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. मिसर कुठं असं मी विचारलं, तर थोरल्या आबांनी, म्हणजे थोरलीआईच्या मालकांनी, मावळतीकडं हात केला होता. मी कितीतरी दिवस कऱ्हाडच्या पलीकडं मिसर आहे असं समजत होते.

त्याच्या माघारी घरात राहिला धाकटा, संभादादा. मिसरूड नुकतं फुटलेलं. मला खांद्यावर घेऊन मळ्यात न्यायचा. गुऱ्हाळाच्या दिवसांत काकवी पळसाच्या पानावर ओतून थंड करून द्यायचा आणि म्हणायचा, "हळू गं, तोंड भाजंल." त्याच्या अंगाला नेहमी चुलवणाच्या धुराचा वास असायचा. थोरलीआईनं त्याच्याकडनं खंडोबाची शपथ घेतली होती, की थोरला घरी आल्याबिगर तू पलटणीचं नाव काढायचं नाहीस. "एक डोळा दिलाय," ती म्हणायची, "दोन्ही दिऊन मी काय आंधळी हिंडू?"

सरकारी प्रचाराची मोटार गावात आली ती सिनेमा दाखवायला. रात्री पडद्यावर जहाजं, तोफा, संचलन असलं दाखवून मोटारीबरोबर आलेले साहेब चावडीतच झोपले. सकाळी आम्ही बघतो, तर हे साहेब आमच्या दारात उभे, एका बोटावर दंतमंजन तसंच, आणि डोळे मिटून ऐकतायत. आईनं खुंटा सोडून डोक्यावर पदर ओढला. थोरलीआई थांबली नाही. दळण पुरं झालं, मग तिनं विचारलं, "काय पायजे?"

साहेब आपल्याकडलेच होते, वाईकडचे असावेत. गोरे, नम्र, बोलणं शुद्ध. "मावशी," ते म्हणाले, "तुमचा हा आवाज तबकडीवर घ्यायचा आहे. लेकाची ओवी म्हणालात ना आत्ता, तीच. साताऱ्याला यंत्र आलंय."

"घिऊन काय करणार?"

"मोटारीवर लावू, रेडिओवर लावू. समुद्रापलीकडं जाईल तुमचा आवाज. तुमच्या मुलाच्या कानी पडेल."

थोरलीआईनं पीठ सुपात भरता भरता हात थांबवला. "आन् सरकारच्या?"

"सरकारच्याही पडेल."

त्या एका वाक्यावर ती साताऱ्याला गेली. मला आज वाटतं, ते साहेब तिला फसवायचं म्हणून तसं बोलले नसतील. त्यांना फक्त तिनं यायला हवं होतं. पण थोरलीआईनं त्याचा अर्थ सरळ घेतला. दरखास्त लिहायची तर लिहिणारा लागतो, साहेबापुढं उभं राहायचं तर शिपाई दारातनं हाकलतो. इथं सरकार स्वतः कान घेऊन दारात आलं होतं. मारुतीला रजा द्या, घरी धाडा, हे सरकारला समक्ष सांगायची संधी तिला मिळत होती. तिनं ती ओव्यांमध्ये नीट रचली. चार दिवस ती गोठ्यात, चुलीपाशी, विहिरीवर ओठ हलवत होती.

एक अडचण निघाली. तिला जात्याशिवाय ओवी म्हणता येईना. नुसतं बसून म्हणायला गेली की शब्द अडायचे. साहेबांना आधी ही नाटकं वाटली, मग त्यांनी जातंच ट्रकात घातलं. आमचं जातं साताऱ्याला निघालं तेव्हा सारं गाव वेशीपर्यंत आलं होतं, कुणीतरी जात्याला कुंकू लावलं. जात्यामागं थोरलीआई, तिच्यामागं आई, आणि आईच्या पदराला मी. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले आणि कऱ्हाडपर्यंत ओकत गेले.

साताऱ्यात छावणीच्या बाजूला एक बंगला होता. त्यातल्या एका खोलीत भिंतींना चहूकडनं गोधड्या टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या बंद. मधोमध जातं. समोर यंत्र, त्याच्यावर फिरणारी काळी तबकडी, आणि यंत्रापाशी एक अबोल माणूस. साहेबांनी मला स्वतःजवळ उभं करून ओठांवर बोट ठेवलं. जातं फिरायला लागलं. थोरलीआईनं गळा सोडला.

"ल्योक माजा पलटणीत, उंच त्याची मान,
दर्याच्या पल्याड गं, गाजवितो रान."

आईनं झेललं. मी इतक्या वेळा ऐकलेल्या त्या आवाजांचा मला त्या बंद खोलीत अभिमान वाटला. अशा पाचसहा ओव्या झाल्या, साऱ्या कौतुकाच्या, कारण कुणापुढं मागणं मांडायचं तर आधी गोड बोलायचं असतं. मग तिनं डोळे मिटले आणि मागण्याला हात घातला.

"एक ल्योक दिला राजा, दुसरा उबा दारी..."

आईनं झेललं, "एक ल्योक दिला राजा, दुसरा उबा दारी..."

मी साहेबांकडं बघत होते. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बोट वर केलं. यंत्रापाशी बसलेल्या माणसानं तबकडीवरची दांडी अलगद उचलली. डोळे मिटलेल्या थोरलीआईला ते दिसलं नाही, आणि खाली मान घातलेल्या आईलाही नाही. ओवी पुढं चालली.

"आदी माज्या थोरल्याला, सुकी धाड घरी.

चाड्यावर मूठ न्हाई, तिफन पडली आड,
राजा माज्या मारुतीला, पेरणीला धाड."

सुपातलं धान्य सरेपर्यंत ती म्हणत राहिली. साहेब हात जोडून उभे राहिले. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "फार छान, मावशी," ते म्हणाले. मला गूळशेंगदाणे दिले. थोरलीआईला एक हिरवं लुगडं दिलं. त्या उचललेल्या दांडीचा अर्थ कळायचं माझं वय नव्हतं, मला वाटलं यंत्रही दमत असेल.

परत येताना थोरलीआई ट्रकात जात्याला हात लावून बसली होती. असं मोकळं हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर जो भेटेल त्याला ती सांगायची, "सरकारच्या कानावर घालून आले. समदं सांगितलंया." मृगाला सुरुवात झाली. संभादादानं पेरणीची तिफण बाहेर काढली. थोरलीआई रोज एक भाकरी जास्त थापायची, आणि दिवस मावळला की ती गाईला घालायची.

पेरण्या उरकल्यावर विट्याच्या बाजारात मोटार उभी राहिली. खाकी रंगाची, टपावर कर्णा. आम्ही गुळाच्या ढेपा घेऊन गाडीनं गेलो होतो. संभादादा बैल सोडत होता, आणि एकदम बाजारात थोरलीआईचा आवाज घुमला. मिरच्यांच्या राशीवरनं, बांगड्यांच्या दुकानांवरनं, शेळ्यांच्या कळपावरनं. माणसं जागच्या जागी उभी राहिली. आईनं माझा हात घट्ट धरला. थोरलीआईनं डोईवरचा पदर नीट केला, देवळात करतात तसा. एक ओवी झाली, दुसरी झाली. मग आलं, एक ल्योक दिला राजा, दुसरा उबा दारी. मग माझ्या आईचा बुटका आवाज कर्ण्यातनं बाजारभर मोठा झाला, एक ल्योक दिला राजा, दुसरा उबा दारी. आणि खरखर. आणि मोटारीतला माणूस ओरडून सांगायला लागला, "ऐकलंत? एक लेक रणात आहे, ही माउली दुसराही देते म्हणते! आणि तुम्ही? कोण येतो पुढं?"

थोरलीआई गर्दीतनं वाट काढत मोटारीपाशी गेली. "आवं दादा, म्होरलं कुटं गेलं?"

"काय पुढचं?"

"म्होरली ओळ. ही तबकडी माजी हाय. ह्यो माजा गळा हाय. म्होरलं ऱ्हायलंया बगा."

"एवढीच आहे, बाई."

"उलटी करा. त्या अंगाला असंल."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं तबकडी उलटी केली. मागच्या बाजूला पलटणीचा बँड होता. थोरलीआई कर्ण्याकडं तोंड वर करून उभी राहिली आणि तो बँड पहिल्यापासून शेवटपर्यंत तिनं ऐकला, मधेच कुठंतरी आपला आवाज येईल म्हणून. आला नाही. आईनं जाऊन तिच्या दंडाला धरलं तेव्हा ती म्हणाली, "गोदे, मी मागत हुते गं. द्यायला न्हवते गेले."

या गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि राग कुणावर धरायचा तेही कळत नाही. त्या तबकडीत एक अक्षर खोटं नव्हतं. गळा तिचा, शब्द तिचे, जात्याची घरघरसुद्धा आमच्याच जात्याची. कुणी तिच्या तोंडी काही घातलं नाही, फक्त बोट वर केलं. पुढं मी खूप भाषणं ऐकली, पुढच्या लढायांच्या वेळची रेडिओवरची निवेदनं ऐकली, टीव्हीवर वीरमातांना उभं करून बोलायला लावतात तेही बघितलं. त्या बायका बोलायला लागल्या की मी त्यांच्या ओठांकडं बघत बसते. मध्येच कॅमेरा दुसरीकडं वळतो. मग मी टीव्ही बंद करते, आणि घरातली माणसं म्हणतात, आजीला बातम्या आवडत नाहीत.

ती मोटार त्या भागातले सगळे बाजार फिरली. तासगाव, कऱ्हाड, पलूसकडची गावं. संभादादा ढेपा घेऊन जाईल तिथं त्याच्या आधी त्याच्या आईचा आवाज पोचलेला असायचा. पोरं हसायची. "काय रं गड्या, आयनं तर दिऊन टाकलं तुला. तू अजून बैलाची शेपटीच धरून?" तो घरी आला की जेवताना त्याची मान खाली असायची. एका संध्याकाळी थोरलीआई त्याच्यापुढं भाकरी वाढता वाढता म्हणाली, "लेकरा, मी तसं म्हनले न्हाई रं. म्होरलं काडून टाकलं त्येनी."

"मला ठाव हाय, आये," तो म्हणाला. "पर बाजाराला कुटं ठाव हाय?"

पुढच्या बाजाराला तो एकटाच गाडी घेऊन गेला. दिवे लागायच्या वेळी गाडी आली, शेजारचा माणूस हाकत होता. गाडीत संभादादाचा पटका होता, नीट घडी केलेला, आणि त्याच्यावर माझ्यासाठी चिंचेच्या गोळ्यांची पुडी. पलटणीत टोपी देतात, पटका लागत नाही, असा निरोप होता. थोरलीआई ओरडली नाही. तिनं पटका उचलला, नाकाशी धरला आणि आत गेली.

त्याच्या मागोमाग गावातली आणखी चारपाच पोरं गेली. पाणवठ्यावर बायका थोरलीआईला बघून घागरी उचलायला लागल्या. एकीनं तोंडावरच म्हटलं, "तुज्या गळ्यानं आमची पोरं नेली गं." दुसरीकडं, ते दिवस आमच्या जिल्ह्यात सरकारविरुद्धच्या चळवळीचे. एका सकाळी आमच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहून ठेवलं, 'सरकारची भाटीण'. माझ्या वडिलांनी शाडूनं भिंत सारवून टाकली, पण अक्षरं पुढच्या पावसाळ्यापर्यंत खालून दिसत राहिली. सरकारनं अर्धी ओवी ऐकवली होती आणि सरकारशी झगडणाऱ्यांनीही ती तेवढीच ऐकली होती. पुढचं कुणीच विचारायला आलं नाही.

आईचं दुःख आणखी वेगळं होतं. तबकडीवर शेवटचा आवाज तिचा होता. "म्या कशाला झेललं?" ती माझ्या केसांना तेल लावता लावता स्वतःशीच म्हणायची. "गप ऱ्हायले असते तर आक्कांनी दम न घेता म्होरलं सांगून टाकलं असतं."

जातं थांबलं नाही, खायला तर लागतंच. पण सोप्यात ओवी उरली नाही. पहाटे मला जाग यायची ती नुसत्या दगडाच्या घरघरीनं. समोरासमोर दोन बायका, एका खुंट्यावर चार हात, आणि दोघींची तोंडं बंद. माझी झोपच त्या दिवसांत गेली असं आई नंतर सांगायची.

संभादादाची तार आली ती ब्रह्मदेशाकडची. मी त्याविषयी लिहीत नाही. घरात तीन दिवस चूल पेटली नाही, शेजारच्यांनी पिठलंभाकरी आणून दिली, आणि पाणवठ्यावरची ती तोंडावर बोललेली बाई सगळ्यात आधी आली आणि थोरलीआईच्या गळ्यात पडली, एवढंच. लढाई संपल्यावर शाळेत आम्हाला साखर वाटली. मूठभर साखर मी परकराच्या ओच्यात घेऊन घरी आले, आणि आईनं ती माझ्याकडनं घेऊन मुंग्यांच्या वारुळावर टाकली.

मारुतीदादा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला. अंगानं धड, एका पायानं जरा लंगडत. त्याच्या अंगाला परक्या साबणाचा वास, ट्रंकेत पत्र्याचे डबे. थोरलीआईनं उंबऱ्यात त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. जेवण झालं. सगळे सोप्यात बसले. तो बराच वेळ जात्याकडं बघत होता. मग म्हणाला, "आये, संभाला का दिलंस?"

"आमच्या छावणीत रेडिओवर लावलं हुतं. तुजा आवाज. समदी पोरं माज्या पाठीवर थापा मारत हुती. मी भाईर जाऊन बसलो. म्हटलं, मी हाय न्हवं हितं? त्या पोराला कशापायी? दोन वरसं ह्योच इचार करतोय."

थोरलीआईनं त्याच्याकडं पाहिलं. "तुला बी अर्दंच ऐकू आलं व्हय रं?"

मग तिनं ती दुसरी ओळ त्याला सांगितली. गाऊन नाही, साधं बोलतात तशी, हिशोब समजावून सांगावा तशी. आधी माझ्या थोरल्याला सुखी धाड घरी. मारुतीदादा ऐकत होता, आणि एवढा मोठा गडी सोप्यातल्या मातीत कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. थोरलीआई त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. "तसं बगितलं तर," ती म्हणाली, "ऐकलंच म्हनायचं सरकारनं. दारातला नेला, आन् थोरला धाडला." आई "आक्का, असं नगा बोलू" म्हणत उठून आत गेली. मी तिच्यामागं गेले नाही, तिथंच बसून राहिले. इतकं वाईट मला पुढं माझ्या स्वतःच्या माणसांच्या जाण्यानंही वाटलं नाही.

काही वर्षांनी माझं लग्न ठरलं, सांगलीच्या घरात. हळद सांगलीहूनच आली, पेठेतली, पिवळीधमक. ती फोडून ठेवली तर माजघरभर तिचा कडसर वास भरून राहिला. आमच्याकडं नवरीची हळद घरच्या जात्यावर दळतात आणि पहिली ओवी घरातली थोरली सवाष्ण म्हणते. जात्याला आंब्याचा डहाळा बांधला होता. मी पाटावर बसले होते. साऱ्या बायकांना ठाऊक होतं की थोरलीआईनं इतक्या वर्षांत ओवी म्हटलेली नाही, त्यामुळं कुणी तिला आग्रह केला नाही. ती आपणहून येऊन बसली. समोर आई बसली. खुंटा फिरला.

तिचा गळा आता खरखरीत झाला होता. पण तो तिचाच होता.

"मांडवाच्या दारी लेकी, एक भाऊ तुजा..."

आणि रीतीप्रमाणे ती थांबली, झेलण्यासाठी. आईनं झेललं नाही. नुसतं जातं फिरत राहिलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पुढं काय येणार ते सगळ्यांना कळलं होतं. पाणवठ्यावरची ती बाई थोरलीआईच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, बाई. शुभकार्य हाय. येवढंच पुरं."

थोरलीआईनं मान खाली घातली.

"न्हाई," माझी आई म्हणाली. तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "म्होरलं म्हना, आक्का."

"दुसऱ्याच्या वाटंवर, जीव ऱ्हाई माजा."

मग आईनं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन्ही ओळी झेलल्या.